उसनी गिटार

एर्मेलिंदानं ती मला विकली तेव्हा
बदल्यात घेतली बटाट्याची दोन पोती,
चुलीच्या धुराड्याचा एक नळ,
आणि शब्द, की मी ती कुणाला देणार नाही.
दाल्काहुएत त्या वर्षी सॅमनचा कारखाना उघडला होता.
सुरी धरायला दोन्ही हात लागतात.

अठरा वर्षं माझ्या भिंतीवर.
मला वाजवता येत नाही.
खालच्या रस्त्यानं लाकडाचा ट्रक गेला की ती आपोआप वाजे,
बेसूर, झोपेत कण्हणाऱ्या माणसासारखी.
बायको म्हणे, कुस्तोदिओ, विकून तरी टाक
नाहीतर खाली तरी उतरव.
बायको गेली. गिटार राहिली.

मार्चमध्ये एर्मेलिंदा दारात.
हात काखेत खुपसलेले, कारखान्यातल्या सगळ्या बायका उभ्या राहतात तशी.
म्हणाली, नऊ दिवसांसाठी दे.
वाल्दिव्हियाहून एक पोरगा आलाय,
माझा अल्बम करतो म्हणतो. पहिला.
पन्नाशीत पहिला, असं म्हणून स्वतःच नाक उडवलं.
कुठली गाणी?
तीच, म्हणाली. आणि चार नंतरची,
पट्ट्यापाशी उभी राहून केलेली, तोंड न उघडता.

दिली. पण सोबत मीही गेलो.
वस्तू एकटी कशी पाठवायची?

स्टुडिओ म्हणजे नेल्सन बार्रियाची जाळी ठेवायची खोली.
खिडकीला गादी टेकवलेली,
दाराला मेंढीची कातडी, वास अजून जिवंत.
पोरगा कानांवरचं यंत्र सरकवून म्हणाला,
चूल विझवा, तडतड येतेय.
एर्मेलिंदानं डाव्या हाताची बोटं त्याच्यापुढे धरली.
तर्जनीला टाचणी टोचली तरी तिला कळत नाही.
चूल विझली तर हीपण विझतील, म्हणाली.
पोरगा गप्प. मी उठून आणखी एक लाकूड सारलं,
बघून, कोरडं.

पहिले दोन दिवस वाया.
आवाज वर जाईना. पूर्वी जिथं पाय टाकायची
तिथली पायरीच कुणी काढून नेलेली.
तिसऱ्या दिवशी तिनं सगळी गाणी खाली आणली,
आमच्या बेटावर अख्खं घर उचलून, बैल जुंपून,
गावानं मिळून दुसऱ्या जागी ओढत नेतात तशी:
तेच खांब, तीच दारं,
समुद्र मात्र आता स्वयंपाकघरातून दिसतो.

एका गाण्यात होतं, परत ये.
तेविसाव्या वर्षी लिहिलेलं.
ज्याला लिहिलं तो परत आला होता, गावाला ठाऊक आहे.
सहा महिने राहिला, मग तिची होडी विकून
पुंता अरेनासला गेला.
ती त्या ओळीपाशी पोचली आणि तिला हसू फुटलं.
पोरगा बटण दाबायला गेला,
मी त्याचं मनगट धरलं.
ते हसू तसंच आहे तिथं.
कान देऊन ऐकलंत तर माझी खुर्चीही करकरते.

रात्री मी मनात भाव ठरवत असे.
ती परत मागणार, हे धरूनच चाललो होतो.
तीन पोती मागेन म्हटलं, मग दोन, मग एकही नाही,
मग स्वतःवरच चिडलो.

दहाव्या दिवशी ती आली,
स्टुलावर चढून तिनंच गिटार खिळ्याला अडकवली.
मी म्हटलं, एर्मेलिंदा, ठेव की तुझ्याकडे.
तर म्हणे, शब्द दिलायस ना?
कुणाला द्यायची नाही.
कुणाला म्हणजे मलासुद्धा.
लागली की येईन मागायला.
आणि चहा न घेता गेली, दुपारची पाळी होती.

लाकडाचे ट्रक अजून जातात.
पण जाताना ती तारा लावून गेलीय,
त्यामुळे आता भिंतीतून येतं ते सुरात येतं.
हात साबणात असतात माझे.
मी तसाच उभा राहतो,
ट्रक वळण घेईपर्यंत.