जवळच्या शंभरापर्यंत

पुस्तकात त्याला आसन्न किंमत म्हणतात.
तारामुंबरीच्या चौथीतल्या पोरांना ते 'आसन' ऐकू येतं,
दोघं-तिघं लगेच मांडी घालून ताठ बसतात.
मग मी म्हणतो, राऊंड फिगर रे,
आणि सगळ्यांना कळतं.

पन्नास किंवा जास्त, तर वरचा शंभर.
पन्नासाहून कमी, तर खालचा.
शेजारी बर्फाच्या कारखान्यात लादी फुटत होती,
तेवढ्यापुरता थांबलो, पुन्हा सांगितलं.

चाचणीत गणित दिलं:
मासळी विकून आले तेराशे सत्त्याऐंशी,
बर्फ, टेम्पो, टोपली मिळून गेले सहाशे बेचाळीस.
अंदाजे किती उरले?
चौदाशेतून सहाशे गेले, आठशे.
सव्वीस पोरांनी आठशे लिहिलं.

चैताली मोंडकरने लिहिलं, सहाशे.
तेराशे वजा सातशे.
दोन्ही आकडे चुकीच्या बाजूला ढकललेले.
नियम ऐकला नाहीस का, विचारलं
तर ती वहीच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली,
"आई म्हणता, येतले ते खाली धरूचे,
जातले ते वर.
मगे रातीक झोप लागता."

मी खडूने तिथेच खरी वजाबाकी केली.
सातशे पंचेचाळीस.
माझ्या आठशेत पंचावन्न रुपये नव्हतेच,
ते मी सव्वीस जणांना वाटून बसलो होतो.
तिच्या आईच्या सहाशेवर
एकशे पंचेचाळीस शिल्लक,
कुणी न मोजलेले, पदराच्या गाठीत.

सुगंधा मोंडकरला मी ओळखतो.
बंदरावर सौंदाळ्यांच्या वाट्यावर
न मागता एक जादा टाकते,
आणि सुटे नाहीत म्हटलं तर
दोन रुपयांसाठी गिऱ्हाईक थांबवून ठेवते.
शाळेत सहावीपर्यंत होती म्हणे.

सुट्टीत पोरीला विचारलं, अजून काय काय धरते गं आई असं?
"होडी," ती म्हणाली.
"बाबा सहाक येतले असले
तर आमका आठ सांगता.
मगे ते सहाक इले की आमी म्हणतो,
आज बेगीन इले!"
तिने टाळी वाजवून दाखवली.
त्यांच्या घरात बाप रोज लवकर येतो.

आणि आठ वाजून गेले तर,
हे मी विचारलं नाही.
खिडकीतून खाडीचं तोंड दिसत होतं,
ओहोटी लागलेली,
वाळूवर एक होडी कलंडून ठेवलेली, रंगाला आलेली.

संध्याकाळी पेपर तपासले.
नियमाप्रमाणे तिचं उत्तर चूक.
चूक म्हणून फुली मारली,
मग फुलीवरच अर्धा गुण लिहिला.
बेरीज साडेसात झाली.

गुणपत्रकात अर्धा चालत नाही.
आठ लिहिले.