चार बोटं

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू खांबावर आपटला
तो आवाज मी ऐकला नाही.
मी घणसोलीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या ऑफिसात
टँकरची बिलं लावत बसलो होतो.
खाली रेडिओभोवती कुणीतरी ओरडलं,
आणि मग बराच वेळ कुणीच ओरडलं नाही.
त्यावरून कळलं.

सोमवारी पेडणेकर सर म्हणाले, मढवी,
खालच्या लीगचा आकडा काढा.
काढला.
टीव्हीच्या पैशातले रुपयामागे अकरा पैसे उरतात.
रबाळ्याच्या पाइपवाल्या देढियाशेठनी
करारातलं नववं कलम मोबाईलवर पाठवलं.
सोबत शब्द नाही. नुसता फोटो,
कलमाखाली पिवळी रेघ:
संघ उतरला तर रक्कम निम्मी.
ते कलम मीच टाइप केलं होतं, तीन वर्षांपूर्वी,
चहात खारी बुडवत.
आपण कशाला उतरतोय, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते.
देढियाशेठही.

क्वामेच्या करारात मात्र उतरण्याचं कलमच नाही.
तो अजून दोन वर्षं पूर्ण पगारावर
कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये
गुडघ्याला बर्फ लावून बसू शकतो.
त्याचा दोष नाही. सही जानेवारीत घेतली, घाईत,
वाचू या आशेवर.
फ्लॅटचं भाडंही आपल्याकडेच.

आणि ज्युड, ज्याच्या पायातून तो चेंडू सुटला,
त्याला गोव्याहून दोन फोन आलेत. विकावा लागेल.
वर असतो तर चाळीस लाख सांगितले असते.
आता समोरचा पंधरा म्हणतो
आणि गप्प बसतो.
गप्प बसणं त्याला परवडतं.
दिवाळ्याच्या बाजारात टोपलीमागे बसून आई म्हणायची,
सांजचा बर्फ सरला का गिऱ्हाईक राजा.

एसी बस गेली, सतरा सीटची गाडी आली.
अठरावा माणूस कोण, यावर कोच दोन दिवस भांडला.
फिजिओ निघाला.

चांगुणाबाई भोपी:
आठवड्याला चव्वेचाळीस जर्सी, नगाला बारा रुपये.
तिला सांगितलं, आता पोरं आपापल्या घरी धुतील.
म्हणाली, डाग राहतील.
म्हटलं, राहू देत.
म्हणाली, मला काय, तुमच्या नावावर राहतील.
थकबाकी तिने दोनदा मोजली.
नव्वद रुपये कमी निघाले, ते मी खिशातून दिले.

त्या रात्री मी एक हिशेब केला
जो कुणी मागितला नव्हता.
चेंडू आत जायला किती कमी पडलं?
मैदान सांभाळणारा हसुराम गोलामागेच उभा होता.
चार बोटं, म्हणाला.
तूट दोन कोटी आठ लाख, भागिले चार.
बोटाला बावन्न लाख.
मी माझी चार टेबलावर ठेवून बघितली.
एकाला शाई. एकात लग्नातली अंगठी,
आता निघत नाही.

कपातीच्या यादीत तेरावं नाव माझं.
ऑफिस खर्च, वजा चाळीस टक्के.
स्वतःचं नाव टाइप करताना
मढवीतला ढ ठळक दिसला.
घरी अजून बोललो नाही.
मुलीच्या फीची तारीख तेवढी
कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे,
त्या गोलाकडे ती बघते, मी बघतो.

काल हसुराम पावती घेऊन आला.
पांढरा रंग एक डबा, ब्रश दोन, आठशे चाळीस.
विचारलं, आत्ता कशाला, सामने कुठेत?
म्हणाला, खाडीचा वारा खारा, खांब गंजतील.
जायला निघाला, दारातून परत आला.
उजव्या खांबावर चेंडूचा डाग हाय.
घासून काढू, का वरूनच मारू?

मी म्हटलं, वरूनच मार.
पावतीवर सही केली.
मग कितीतरी वेळ टॅली उघडं ठेवून बसलो,
कळेना,
हा खर्च मागच्या वर्षात टाकायचा
की यंदाच्या.