एकशे एकोणीस

तूवा ब्रेक्के माझ्या टेबलासमोर बसते,
अंगावरचा जाड कोट न काढता.
बाहेर उणे एकतीस. रेड नदी गोठून
गावातलाच एखादा रस्ता वाटावी अशी पांढरी.
स्क्रीनवर तिच्या नावाखाली हिरव्या खुणांची रांग,
आणि तळाशी दोन लाल फुल्या.

माहिती प्रणाली, विज्ञान शाखेची पदवी.
क्रेडिट लागतात एकशे वीस.

ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती,
साल चौऱ्याण्णव. कोबोलमध्ये वर्गात पहिली.
मग साखरेच्या कारखान्यात बीटाच्या वजनकाट्यावर
एका हंगामापुरती म्हणून लागली
आणि सव्वीस हंगाम काढले.
आता तो काटा ट्रकचा नंबर स्वतःच वाचतो.

मी नेहमीचं सांगू लागते, बोट स्क्रीनवर ठेवून:
डेटाबेस झालं. नेटवर्क झालं.
हिशेबाचे दोन्ही पेपर झाले.
संख्याशास्त्र
दुसऱ्या खेपेला का होईना, झालं.
ते झाल्याशिवाय सिस्टिम ॲनालिसिस नाही,
सिस्टिम ॲनालिसिसशिवाय शेवटचा प्रकल्प नाही,
आणि प्रकल्प मिळतो फक्त जानेवारीत,
म्हणजे ही शिडी अशी, की तिची वरची पायरी
वर्षातून एकदाच लावतात.
आणि कोबोल,
कोबोल आता धरत नाहीत.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, भरलेला ट्रक काट्यावर येतो,
ओतून रिकामा परत येतो.
मधला फरक म्हणजे बीट.
नाही, माती राहिली.
बादलीभर नमुना धुवायचा, माती वेगळी तोलायची,
तेवढी वजा करायची. भांडणं व्हायची ती त्याच्यावरून,
बीटावरून कधीच नाही.

तर ते कोबोल, ती विचारते,
तुमच्या लेखी माती का?

मी या खुर्चीत अकरा वर्षं आहे.
हा प्रश्न कुठल्या अर्जात लिहायचा
ते मला माहीत नव्हतं.
तरी लिहिला. समितीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं:
ऐच्छिक विषय म्हणून मान्य, परंतु
तेव्हा वर्षाचे तुकडे वेगळे पाडत असत,
सबब तेव्हाचे तीन म्हणजे आताचे दोन.

एकशे एकोणीस.

ती हसली. पहिल्यांदाच, आणि मोठ्याने,
बाहेर रांगेत बसलेली पोरं आत डोकावली.
एका क्रेडिटचं काय काय मिळतं ते मी वाचून दाखवलं:
समूहगान, तिरंदाजी, कर्लिंग.
कर्लिंग, ती म्हणाली, माझा बाप खेळायचा.

डेटाबेसच्या वर्गात, मला ओकुंझुवा सरांनी सांगितलं,
ते फळ्यावर एक मोकळा रकाना काढून म्हणाले होते,
हे शून्य नव्हे. रिकामं आणि शून्य यांत फरक असतो.
विशीतली पोरं नुसती बघत राहिली.
मागच्या बाकावरून ही म्हणाली,
असतोच. रिकामा ट्रक सात टनांचा असतो.

फेब्रुवारीत मी एकदा रिंकच्या काचेशी थांबले.
मुलीच्या वयाच्या तिघींबरोबर
ती दगडाच्या पुढे पुढे बर्फ घासत होती,
पाठ वाकवून, तोंडातून वाफ.
दगड थांबला. तिचा झाडू
आणखी दोन हात पुढे गेला.

प्रकल्प तिने काट्याचाच केला.
हंगामातली ट्रकची रांग, कोण कधी आला,
किती वेळ खोळंबला.
सादरीकरणाला कारखान्याचा एक माणूस आला होता,
टाय लावून. त्याने विचारलं,
हे आमच्याकडे आहेच की, यात नवीन काय?

तिने कोट खुर्चीवर टाकला होता.
पडद्यापाशी गेली आणि बोट ठेवलं.
मातीचा रकाना, म्हणाली.
तुमच्याकडे एकच आकडा पडतो.
इथे शेतकऱ्याला त्याची माती दिसेल,
कुणी धुतली, किती वाजता,
आणि पटली नाही तर
परत तोला म्हणायला हे बटण.