उलट्या आट्यांचा नट

कुदळवाडीच्या भंगारात एका पिकअपच्या पोटातून निघालेली
ही पंख्याची थाळी. बारा पाती, एकही दात न पडलेली.
मोमीन म्हणाला, वजनावर देतो.
वजन किती? आईच्या तपकिरीच्या डबीएवढं.
चारशे दिले, आणि वर त्याचाच चहा प्यालो.

गिऱ्हाईक ध्रुव सरपोतदार, बँकेत कॅशियर.
दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी
आणि एकच हट्ट: बाहेरून काही दिसता कामा नये.
धुराकडची बाजू मूळचीच ठेवायची,
हवेकडची आणायची मोठ्या घरची.
"हायब्रीड टर्बो," तो म्हणाला, पेढ्याचं नाव घ्यावं तसं.
गुलाब शिकलगारनं मान तिरपी करून ऐकलं.
त्याच्या गावाकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी:
पोटाला होते, चवीला नाही.

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात दोन मशीनं, दोन भागीदार,
आणि दिवाळीच्या हिशेबापासून एक शब्द नाही.
तो मापं खडूनं पत्र्यावर लिहितो,
मी ती पुसून माझी लिहितो.
बावन्न पूर्णांक चार.
अजून तीन शतांश काढ.
चहा आलाय.

दांडा करंगळीहून बारीक.
एका टोकाला सातशे अंशांचा धूर,
दुसऱ्या टोकाला रस्त्यावरची गार हवा,
आणि दोघांनी फिरायचं एकाच वेगानं,
मिनिटाला दीड लाख वेळा.
मधे बेअरिंग आहे, पण धातू धातूला टेकत नाही,
केसाहून पातळ तेल असतं, त्यावर सगळं तरंगतं.
तेल तुटलं की दोन्ही टोकं गेली.
हे मी गुलाबला सांगितलं नाही.
त्यानंच मला शिकवलंय.

आणि पुढचा नट उलट्या आट्यांचा.
हाताच्या सवयीनं आवळायला जाल तर सुटेल.

चूक माझी.
गुरुवार होता, अकराला वीज जाणार होती,
घर कातलं आणि गरम असतानाच मोजलं.
ॲल्युमिनियम निवल्यावर आत मिटतं,
हे आयटीआयच्या किती पोरांना मी ओरडून सांगितलंय.
जोडलं. बोटानं फिरवलं.
खर्रर्र.
एका पात्याचं टोक नखासारखं वाकलं.

गुलाबनं पत्र्यावर काहीच लिहिलं नाही.
स्कूटर काढली, दुसरी थाळी घेऊन आला.
पैसे कुणाच्या खिशातले, ते विचारायची सोय नव्हती.

मग दोन रात्री बॅलन्सिंग.
त्याचा आजा दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा,
तसा कान वाकडा करून हा बसला,
जड बाजूचा धातू मिलिग्रॅमनं खरवडत.
इथं हलक्या बाजूला भर घालता येत नाही,
जड बाजूनंच थोडं सोडायचं असतं.
दिवाळीत तो हेच म्हणत होता का,
असं मला पहिल्यांदा वाटलं, पहाटे तीनला,
हातात त्याच्या वाटणीचा वडापाव गार होत असताना.

बोपदेव घाट. अजून उजाडलं नव्हतं.
सरपोतदारनं पाय दाबला.
काही नाही.
एक.
दोन.
मोठी थाळी उशिरा जागी होते.
मागितल्यापासून मिळेपर्यंतची ही जागा
कितीही कातली तरी थोडी उरतेच.
मग बारीक शीळ, आणि सीटनं पाठ धरली.
गाडीनं टाकून दिलेल्याच श्वासाच्या जोरावर
नवा श्वास ओढून घेतला.
दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणारा तो माणूस
पोरासारखा ओरडला.

वरच्या वळणावर शीळ मधेच फाटली.
गुलाब समोर बघत, पाच महिन्यांनी, बोलला:
"गळतंय कुठंतरी."
"इंटरकूलरच्या पाइपाची क्लिप," मी मागून म्हणालो.
"अर्धा आटा दे."
"उलटा?"
"नाही रे. हा सरळच आहे."