एक पुलगाव

माझ्या नावात दोन प आहेत. पपिता.
आत्यानं नाव ठेवलं तेव्हा तिला काय ठाऊक,
टाळू उघडी असली की प नाकातून निसटतो
आणि बाहेर येईपर्यंत म होतो.
शाळेत मी ममिता.
एसटीत म्हणायची, ‘हाफ, एक मुलगाव,’
आणि कंडक्टर मायकडे बघायचा.

माय म्हणे, ‘गिऱ्हानात कोहळं चिरलं व मी,
माह्याच हातानं झालं.’
किती समजावलं.
मरेपर्यंत तिनं कोहळ्याला विळा लावला नाही.

ओठ शिवला, टाळू शिवली.
एका बाईंनी ओठांपुढे कापसाचा बोळा धरून
महिनोन्‌महिने प म्हणायला लावलं.
वायगावच्या कापसाच्या ढिगात जन्मले मी,
पण कापूस हलला, तो त्या दिवशी.

हिरडीची फट मात्र राहिली.
तिथे दात उगवलाच नाही.
ताकाचा थेंब नाकात चढायचा
आणि माझा डावा हात कायम तोंडावर,
पाहुणे बघायला आले तेव्हाही, एकटी असतानाही.

मग नागपूरच्या डॉक्टरणीनं
माझ्या कमरेचं हाड खरवडून फटीत भरलं,
भिंतीच्या भगदाडात गारा भरतात तसं.
‘पाच महिने थांब. हाडाला घर ओळखू दे.’
मग स्क्रू. पुन्हा थांब.
मग दात, शेजारच्यापेक्षा जरासा पांढरा.
अट एकच, रोडगा समोरून चावायचा नाही.
(दोनदा चावला. वांग्याच्या भाजीपुढे अटी टिकतात का?)

यंदा एकोणीस वर्षं झाली.
डॉक्टरीण रिटायर. नवा पोरगा स्क्रीनवर रेघा मारतो,
जुनी फाईल उलटतो,
हाड दीड मिलिमीटर उतरलंय म्हणतो,
‘पण फटीच्या पेशंटमध्ये इतकी वर्षं...’
पुढचं बोलत नाही. लिहितो: सक्सेस.
मी डाव्या हातानं पिशवी उचलते.
तो हात केव्हा मोकळा झाला,
हे फाईलमध्ये कुठेच नाही.

परतीची बस. बायांना आता पुन्हा हाफ.
‘एक पुलगाव.’
कंडक्टर मान वर न करता तिकीट काढतो.
एवढं साधं. मी तिकीट चार वेळा वाचते.

मंथन, भाच्या, ऐकून ठेव.
माझी राख सावडायला जाशील
तेव्हा डोक्याकडच्या बाजूला सांभाळून बघ.
करंगळीच्या पेराएवढा स्क्रू सापडेल,
आटे शाबूत.
ज्या हाडानं त्याला धरलं ते जळून गेलेलं असेल,
कमरेचं होतं ते, तोंडात राहून आलेलं.
लगेच टाकू नको.
जरा तळहातावर फिरव, माझं नाव घे,
दोन्ही प नीट म्हण.
मग जाऊ दे वर्धेत.