हाल्वर ट्वेटची छपरं

लोक त्याला इमारतींवरून ओळखतात,
मी गळतीवरून.
एकोणतीस वर्षं त्याच्या छपरांवर चढतोय,
डांबराचा डबा, पत्र्याची कात्री, तोंडात चार खिळे,
आणि खाली शिडी धरून कुणाचा तरी कंटाळलेला पोरगा.

हे डकोटाचं रान.
इथे पाणीसुद्धा कुठे वाहू ते विचारून वाहतं.
या माणसाने इथे
मनोरे काढले.

पहिलं काम नूर्डालचं लाकडी चर्च, सन १९०३.
मजुरी म्हणून सोळा पोती गहू आणि एक कालवड.
मनोरा आणि उतरतं छप्पर जिथे भेटतात
तिथे, उत्तरेच्या कोपऱ्यात, बर्फ साचतो,
गोठतो, फळ्यांखाली बोटं घालतो,
आणि मार्चमध्ये तिसऱ्या बाकावर टपकतो.
त्या बाकावर बोर्घिल्ड बाई बसायच्या.
प्रार्थनेला छत्री घेऊन यायच्या,
पण बाक सोडला नाही.

मग कचेरी, १९०८.
मंडळाला घुमट हवा होता, पैसे जेमतेम मनोऱ्याचे,
ह्याने दोन्ही उभे केले.
घुमट पत्र्याचा, दगडाच्या रंगात रंगवलेला.
गळतो न्यायाधीशाच्या बाजूला.
मग बँका, तीन.
मग हार्डवेअरच्या दुकानावर नाट्यगृह,
जिथे पहिल्या अंकात खालून खिळे मोजल्याचा आवाज यायचा.

बाराच्या सालानंतर सांध्यांत तांबं दिसतं,
हातभर रुंद, नीट दुमडलेलं.
कुणी सांगितलं असेल,
किंवा एखाद्या मार्चमध्ये
तो स्वतःच वर चढला असेल.

अठराच्या तापात त्याची राग्ना गेली,
त्यानेच बांधलेल्या शाळेत, पाचवीच्या वर्गात,
फळ्याखाली मांडलेल्या खाटेवर.
चौदा महिने कागदावर रेघ नाही.
नंतरच्या शाळा खोक्यासारख्या.
त्या गळत नाहीत.
त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

गव्हाचा भाव पडला, बँका बुडाल्या.
एकीत आता कोंबड्यांचं खाद्य मिळतं,
संगमरवरी खिडकीतून, मापट्याने.
त्याचं शेवटचं काम शाट्झच्या डुकरांचं खोपट.
इंचाइंचाचा नकाशा, खाली सही, तारीख,
आणि आढ्यावर एक छोटा मनोरा.
हवा खेळती राहावी म्हणून, असं लिहिलंय बाजूला.
हवेला इतकी नक्षी लागते?

तिथेच भेटला मला, एकतीस साली.
मी वर, तो खाली, टोपी हातात.
म्हणाला, "अजून उत्तरेलाच?"
"हो."
त्याने मान हलवली,
गावाकडच्या कुणाची तरी खुशाली कळावी तशी.
शाट्झने मला पैसे दिले, त्याला बहुतेक नाही.

त्याच्या चुकीवर माझ्या तिन्ही मुली शिकल्या.
हे मी कुठे बोललो नव्हतो.

यंदा मंडळाचा कागद आलाय.
कचेरीचा मनोरा दुरुस्तीपलीकडे गेला आहे,
असं लिहून सही करायची. बाकीचं ते बघतील.
काल चढलो, शेवटच्या पायऱ्यांपर्यंत,
जिथे मी कधी गेलो नव्हतो, गळती त्याच्या खालीच असते.
वर एक बाकडं. नकाशात नाही.
भिंतीत कोट अडकवायला खिळा,
आणि बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर
वीतभर खिडकी.

बसलो.
गहू, रस्ता, गहू.
मग अकरा मैलांवर, सुईच्या टोकाएवढं,
नूर्डालचं चर्च.
डावीकडे नाट्यगृहाचं टोक.
आणि मान जरा जास्त वळवली तर
शाट्झचं खोपट.

पागोळ्या एप्रिलपर्यंत गोठलेल्याच असतात इथे.
एक सुटली, खूप वेळाने खाली आपटली.

कागदावर दोन चौकोन होते, हो आणि नाही.
मी दोन्हींच्या मधल्या जागेत लिहिलं:
गळतं. पहिल्यापासूनच गळतं.
आणि बिलात
तांब्याचा पत्रा मांडला, हातभर रुंद.