रेंज

मोगादिशूतल्या चौकाअलीकडे उबाहची चहाची टपरी.
गीदी रिक्षावाला दोन कप प्यायला,
वेलची जास्त झाली म्हणून कुरकुरलाही.
फोनवरून पैसे टाकले, म्हणाला.
तिच्या फोनवर काहीच नाही.
"थांब की. मागेही असंच म्हणालास."
तो थांबला. रेंज नव्हती.
गिऱ्हाईकं ताटकळली, दूध वर आलं.
"जा बाबा, उद्या बघू."

चौकापर्यंत रिक्षाला कितीसा वेळ लागतो?
पातेलं उतरवेस्तोवर
टपरीचा पत्रा तिच्या अंगावर होता.

दुपारच्या नमाजानंतर केव्हातरी
धुळीत फोन थरथरला:
गीदीकडून पैसे मिळाले.

आता फोन भरलाय, नवीन काही मावत नाही.
लेक म्हणते, आई, जुने मेसेज पुसू का?
उबाह म्हणते,
आधी ते दूध उतरव.